विश्लेषण : गोल नंतर, आधी करार बघा! ‘एनएचएल’मध्ये कोणाचा ट्रेड होणार, हे कसं ओळखतात?

३ मे २०२५. अमेरिकेतल्या डॅलस शहरात एनएचएल प्लेऑफच्या पहिल्या फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना सुरू होता. शेवटच्या सत्रात कोलोराडो अ‍ॅव्हलांच २-० असा पुढे होता. तिथून डॅलस स्टार्सच्या मिक्को रांतानेनने तीन गोल केले, एका गोलला हातभार लावला आणि सामना ४-२ असा फिरवला. कोलोराडोचा हंगाम त्या रात्री संपला.

यातली खरी गोष्ट धावफलकावर दिसत नव्हती. त्याच वर्षी २४ जानेवारीपर्यंत रांतानेन कोलोराडोचाच खेळाडू होता. २०१५ मध्ये याच संघाने त्याला निवडलं होतं, २०२२ मध्ये त्यांनी स्टॅनली कप जिंकला तेव्हा तो आघाडीच्या फळीत होता. ऐन हंगामात कोलोराडोने त्याला कॅरोलायना हरिकेन्सकडे धाडलं. बरोबर ४२ दिवसांनी कॅरोलायनाने त्याला डॅलसला दिलं. एकाच हंगामात तीन संघ, आणि ज्यांनी पहिल्यांदा सोडलं त्यांनाच त्याने घरी पाठवलं.

उत्तर अमेरिकेतल्या या व्यावसायिक आईस हॉकी लीगमध्ये दर हिवाळ्यात एकच चर्चा रंगते : आता कोणाचा नंबर? कॅनडातली टीएसएन ही क्रीडा वाहिनी तर संभाव्य नावांची क्रमवार यादीच लावते आणि दर काही दिवसांनी ती खालीवर करते. हे सगळं हवेत बाण मारणं नाही. मात्र अंदाज बांधणारे जाणकार खेळाडूने किती गोल केले, इथून सुरुवात करत नाहीत. ते आधी त्याचा करार उघडून बसतात.

ट्रेड करताना खेळाडूला विचारतात का?

आपल्याकडे ‘ट्रेड’ हा शब्द आयपीएलमुळे घराघरांत पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे परतला, २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे आणि रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला. पण आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. एनएचएलमध्ये तशी सरसकट अट नाही. करारात तसं वेगळं कलम नसेल तर संघ खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. त्याला एक फोन येतो आणि पुढचं विमान पकडावं लागतं. घर, मुलांची शाळा, बायकोची नोकरी हे सगळं मागे राहतं आणि नंतर कधीतरी निस्तरायचं असतं. करार मात्र सोबत जातो : तेवढंच वेतन, तेवढीच उरलेली वर्षं.

बदल्यात दुसरा संघ खेळाडू देतो किंवा ‘ड्राफ्ट’मधली आपली पाळी देतो. ड्राफ्ट म्हणजे दर उन्हाळ्यात होणारी तरुण खेळाडूंची निवड. त्यात सात फेऱ्या असतात आणि संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. ही पाळी वर्षानुवर्षं आधी विकता येते. म्हणजे आज शाळेत शिकणारा, अजून कोणालाच ठाऊक नसलेला एखादा मुलगा तीन वर्षांनंतर कोणत्या संघाकडे जाणार, याचा सौदा आज होतो.

या खेळाचा सर्वकालीन श्रेष्ठ मानला जाणारा वेन ग्रेट्झकीसुद्धा यातून सुटला नाही. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑयलर्सने त्याला लॉस एंजेलिस किंग्जकडे पाठवलं. बदल्यात दोन खेळाडू, पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि दीड कोटी डॉलर रोख मिळाले. पाच वर्षांत चार स्टॅनली कप जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरलं नाही, आणि सरकारने हा ट्रेड रोखावा अशी मागणी कॅनडाच्या एका खासदाराने केली. त्यानंतर ‘याचा ट्रेड होणं शक्यच नाही’ असं कोणाबद्दलही ठामपणे म्हणणं अवघड झालं.

पहिली खूण : करार कधी संपतो?

करार उन्हाळ्यात, ३० जूनला संपतात. १ जुलैला, ठरावीक वय किंवा ठरावीक हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पूर्ण मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी करार करू शकतो. ढोबळमानाने २७ वर्षं वय किंवा सात हंगाम. तो गेला तर जुन्या संघाच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे करार संपायला काही महिने उरलेत आणि नव्या कराराची बोलणी अडलीत, असं दिसलं की त्या खेळाडूचं नाव यादीत चढायला लागतं.

संघ हे जोखीम म्हणून का बघतात, ते दोन उदाहरणांत कळतं. न्यूयॉर्क आयलंडर्सचा कर्णधार जॉन टवारेस २०१८ च्या उन्हाळ्यात मोकळा होणार होता. संघाने त्याला मोसमात विकलं नाही, तो राहील या आशेवर. १ जुलैला त्याने टोरांटोशी करार केला. आयलंडर्सच्या हाती धुपाटणं.

दुसरं उदाहरण कॅल्गरी फ्लेम्सचं. २०२२ च्या जुलैत जॉनी गॉड्रो मोकळा झाला आणि कोलंबसकडे गेला. कॅल्गरीला बदल्यात शून्य. संघाचा दुसरा तारा मॅथ्यू काचुक अजून पूर्ण मोकळा नव्हता, पण इथे दीर्घ करार करणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. पहिल्या घटनेने हात पोळलेल्या कॅल्गरीने थांबायचं नाकारलं. त्याच महिन्यात काचुक फ्लोरिडा पँथर्सकडे गेला आणि बदल्यात जोनाथन ह्युबरडो, मॅकेन्झी वीगर यांच्यासह भरघोस ऐवज मिळाला. काचुकच्या फ्लोरिडाने पुढे २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन कप जिंकले, हा भाग वेगळा. पण दुसऱ्या वेळी कॅल्गरी रिकाम्या हाताने परतली नाही. एका खेळाडूचं जाणं दुसऱ्याच्या ट्रेडची शक्यता कशी वाढवतं, हे अंदाज बांधणाऱ्यांनी इथून शिकावं.

दुसरी खूण : संघ कुठे उभा आहे?

लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि १६ प्लेऑफमध्ये जातात. मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास ट्रेडची अंतिम मुदत येते. २०२५ मध्ये ती ७ मार्चला दुपारी ३ वाजता होती, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड वाजता. त्यानंतर घेतलेल्या खेळाडूला प्लेऑफमध्ये खेळवता येत नाही. म्हणून तळाचे संघ करार संपत आलेले अनुभवी खेळाडू विकतात आणि वरचे संघ ते दोन-तीन महिन्यांसाठी घेतात. अशा खेळाडूला तिकडे सरळ ‘रेंटल’ म्हणतात. भाड्याने घेतलेला.

ऐकायला सोपं आहे, पण मधले संघ घोळ घालतात. इथे विजयाला दोन गुण असतात आणि जादा वेळेत हरलेल्यालाही एक गुण मिळतो. त्यामुळे गुणतक्ता दाटीवाटीचा राहतो आणि पंचविसाव्या क्रमांकावरच्या संघालाही अजून आशा वाटते. त्यांच्याकडे एक पुरावाही आहे. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी सेंट लुईस ब्लूज हा संघ संपूर्ण लीगमध्ये शेवटचा होता. त्याच संघाने जूनमध्ये स्टॅनली कप उचलला. त्यांच्या व्यवस्थापनाने जानेवारीतच दुकान मांडलं असतं, तर? तेव्हापासून विक्रीचा निर्णय पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक जनरल मॅनेजरला आयतं उदाहरण मिळालंय.

उलट एकदा संघाने विकायचं ठरवलं की भावनेला फारशी जागा उरत नाही. ब्रॅड मार्शंड सोळा हंगाम बॉस्टन ब्रुइन्समध्ये होता, कर्णधार होता, करार संपत आला होता. ७ मार्च २०२५ रोजी मुदत संपता संपता तो फ्लोरिडाला गेला. त्याच दिवशी बॉस्टनने चार्ली कॉयल आणि ब्रँडन कार्लो यांनाही निरोप दिला. जून महिन्यात मार्शंडने फ्लोरिडाबरोबर कप जिंकला, अंतिम फेरीत सहा गोल केले आणि नंतर तिथेच सहा वर्षांचा करार केला. भाड्याने आलेला माणूस घरचा झाला.

तिसरी खूण : पैसे बसतात का?

इथे गणित सुरू होतं. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला, त्यानंतर लीगने वेतनमर्यादा आणली. म्हणजे संघाच्या एकूण वेतनाला कमाल आकडा. २००५-०६ मध्ये तो ३ कोटी ९० लाख डॉलर होता, २०२४-२५ मध्ये ८ कोटी ८० लाख. दंड भरून ओलांडता येईल अशी ही मर्यादा नाही. त्यामुळे ‘अमुक संघाला तमुक खेळाडू हवाय’ एवढी बातमी पुरेशी नसते. त्याचं वेतन त्या संघाच्या हिशेबात मावतं का, हा पुढचा प्रश्न. एरिक कार्लसनने २०२२-२३ मध्ये बचावपटू असून १०१ गुणांची कमाई केली, वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण त्याचा करार वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा आणि २०२७ पर्यंतचा होता. ऑगस्टमध्ये तीन संघांनी मिळून मोट बांधली आणि जुन्या संघाने वेतनाचा थोडा वाटा स्वतःकडे ठेवला, तेव्हा कुठे तो पिट्सबर्गला गेला.

वाटा स्वतःकडे ठेवण्याची ही सोय समजून घेतली की निम्मी कोडी सुटतात. विकणारा संघ वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत भार स्वतःच्या डोक्यावर ठेवू शकतो. मध्ये तिसरा संघ आणला तर उरलेल्याचा अर्धा भार तो घेतो आणि या उपकाराची किंमत वसूल करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅट्रिक केन शिकागोहून न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला, तो असाच. त्याचं वार्षिक वेतन हिशेबात १ कोटी ५ लाख डॉलर धरलं जायचं. शिकागोने अर्धं ठेवलं, उरले ५२ लाख ५० हजार. अ‍ॅरिझोनाने त्याचं अर्धं घेतलं, उरले २६ लाख २५ हजार. रेंजर्सला तो पाव किमतीत पडला. म्हणून ‘एवढा महाग खेळाडू कोण घेणार’ या वाक्यावर फार विसंबू नये.

खेळाडू ‘नाही’ म्हणू शकतो तेव्हा

मोठे खेळाडू करार करताना एक कलम पदरात पाडून घेतात. काहींना कोणताही ट्रेड रोखण्याचा पूर्ण अधिकार असतो, काहींना दहा-पंधरा संघांची यादी देता येते : इथे जाणार नाही, किंवा फक्त इथेच जाईन. केनकडे पूर्ण अधिकार होता आणि त्याला रेंजर्सकडेच जायचं होतं. एकच गिऱ्हाईक असलं की भाव कोसळतो. तीन कप जिंकून देणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात शिकागोला मुख्यतः दुसऱ्या फेरीची एक पाळी मिळाली. रेंजर्सने प्लेऑफमध्ये मजल मारली असती तर ती पहिल्या फेरीची झाली असती. ते पहिल्याच फेरीत हरले.

मार्च २०२५ मध्ये टोरांटोने मिच मार्नरला हा अधिकार सोडण्याबद्दल विचारल्याच्या बातम्या होत्या. समोरचा संघ कॅरोलायना आणि बदल्यात येणारं नाव होतं रांतानेन. मार्नर राहिला. जूनअखेरीस, मोकळा होण्याच्या आदल्या दिवशी, तो वेगासकडे गेला आणि टोरांटोला निकोला रॉय हा एक खेळाडू मिळाला. यादीत पहिल्या क्रमांकावर नाव असलं तरी हे कलम तपासल्याशिवाय त्या क्रमांकाला अर्थ नाही. कोणत्या राज्यात प्राप्तिकर नाही, हेही खेळाडू बघतात. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांत तो नाही, आणि तिथल्या संघांना होकार मिळवणं तुलनेने सोपं जातं असं बोललं जातं ते उगाच नाही.

आतल्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

बातमी कोणाच्या सोयीची आहे, हे आधी बघावं लागतं. ‘अनेक संघ उत्सुक’ ही बातमी विकणाऱ्याला भाव वाढवायला हवी असते, खेळाडूच्या एजंटला नव्या कराराची बोली वाढवायला हवी असते. ‘आम्ही त्याला सोडणार नाही’ हे जनरल मॅनेजरचं वाक्य तर कोणीच शब्दशः घेत नाही.

शब्दांपेक्षा बर्फावरची गैरहजेरी जास्त बोलते. तंदुरुस्त खेळाडूला अचानक बाहेर बसवलं, तर सौदा जवळ आलाय आणि त्याआधी त्याला दुखापत होऊ नये असं संघाला वाटतंय, हा त्याचा अर्थ. फेब्रुवारी २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनाने जेकब चिक्रनला असं बसवलं आणि कारणही उघड सांगितलं. अडीच आठवडे तो खेळलाच नाही. १ मार्चला ओटावाकडे गेला.

कराराची माहिती किती मोलाची आहे, याचा आणखी एक दाखला आहे. कॅपफ्रेंडली नावाचं एक संकेतस्थळ प्रत्येक खेळाडूचं वेतन, कलमं, संघाची शिल्लक सगळं फुकट दाखवायचं. चाहते, पत्रकार आणि खुद्द संघांचे कर्मचारीही ते वापरत. २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने ते विकत घेतलं आणि सार्वजनिक वापरासाठी बंद केलं. सगळे जिथे डोकावत होते ती खिडकीच एका संघाने घरी नेली. आता पकपीडियासारखी संकेतस्थळं ती जागा भरून काढतात.

मग रांतानेनचा ट्रेड कोणालाच का दिसला नाही?

कारण दुसरी खूण त्याच्या विरुद्ध दिशेला होती. कोलोराडो तळाचा संघ नव्हता, कपाच्या शर्यतीतला होता. रांतानेन ४९ सामन्यांत ६४ गुणांवर होता. असा संघ असा खेळाडू जानेवारीत देत नाही, हा आजवरचा अनुभव. खुद्द त्यालाही कल्पना नव्हती.

करार मात्र ओरडून सांगत होता. वर्षाला ९२ लाख ५० हजार डॉलरचा त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये एडमंटनच्या लिऑन ड्रायसायटलने वर्षाला १ कोटी ४० लाखांचा करार केला होता, त्यामुळे बाजारभाव चढला होता. दुसरीकडे कोलोराडोचा सर्वोत्तम खेळाडू नेथन मॅकिनन १ कोटी २६ लाख घेत होता आणि त्याच्या वर कोणाला न्यायचं नाही, अशी संघाची भूमिका मानली जात होती. या दोन आकड्यांमध्ये बोलणी अडकली. संघाने वाट बघण्याऐवजी मार्टिन नेचस आणि जॅक ड्ररी यांना घेऊन विषय संपवला.

मग कॅरोलायनाने तरी ४२ दिवसांत का सोडलं? त्यांच्याही मागे एक जखम होती. आदल्या वर्षी त्यांनी जेक गेंझेलला असाच मुदतीच्या तोंडावर आणला होता. उन्हाळ्यात तो करार न करता निघाला आणि हाती तिसऱ्या फेरीची एक पाळी आली. रांतानेन तिथे रमला नाही. १३ सामन्यांत दोन गोल, आणि दीर्घ कराराला होकार नाही. ७ मार्चला त्यांनी डॅलसकडून लोगन स्टँकोव्हन आणि पहिल्या फेरीच्या दोन पाळ्यांसह चार पाळ्या घेतल्या. डॅलसने लगेच आठ वर्षांसाठी ९ कोटी ६० लाखांचा करार केला, वर्षाला १ कोटी २० लाख.

पुढचा आकडा कोलोराडोच्या चाहत्यांना बोचतो. रांतानेनच्या बदल्यात आलेल्या नेचसशी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा. दोघांमधला फरक वर्षाला पाच लाख. शिवाय ट्रेडनंतर अवघ्या आठवड्याने, ३१ जानेवारीला, लीगने पुढच्या तीन हंगामांच्या वाढीव मर्यादा जाहीर केल्या होत्या : ९ कोटी ५५ लाख, १० कोटी ४० लाख, ११ कोटी ३५ लाख. नेचसही उत्तम खेळाडू आहे, त्यामुळे याला सरळ चूक म्हणता येणार नाही. पण पैसे नव्हते म्हणून सोडला, हे कारण आता तितकंसं पटत नाही.

आता अंदाजाचं सूत्र बदलतंय का?

बऱ्यापैकी. मर्यादा झपाट्याने वाढल्याने संघांना आपले खेळाडू राखणं परवडतं आणि पैशांच्या अडचणीतून होणारे ट्रेड कमी होतात. दोन संघांनी लागोपाठ वेतन वाटून घेण्याची केनसारखी युक्तीही आता अवघड झाली आहे, कारण दोन वाटण्यांमध्ये हंगामाचे ७५ दिवस जाणं २०२५-२६ पासून बंधनकारक आहे. त्याच हंगामापासून प्लेऑफमध्येही वेतनमर्यादा लागू झाली. यापूर्वी जखमींच्या यादीतला तारा प्लेऑफला परत आणून संघ मर्यादेच्या वर जायचे. २०२१ मध्ये टँपा बेने निकिता कुचेरोवला असंच आणलं आणि कप जिंकला.

घड्याळही आधी वाजू लागलंय. व्हँकुव्हरचा कर्णधार क्विन ह्यूज याचा करार २०२७ पर्यंत होता. जुन्या हिशेबाने त्याचं नाव २०२६-२७ च्या हिवाळ्यात यादीत यायला हवं होतं. व्हँकुव्हरने त्याला डिसेंबर २०२५ मध्येच मिनेसोटाला दिलं आणि तीन तरुण खेळाडूंसह पहिल्या फेरीची एक पाळी घेतली. दीड वर्ष बाकी असलेला खेळाडू घेणारा संघ जास्त मोजतो, हे साधं कारण.

सध्या यादी करणाऱ्यांच्या नजरा आणखी एका कराराकडे आहेत. ग्रेट्झकीच्याच एडमंटनमध्ये कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा करार केला. त्याला हवा तेवढा आकडा आणि आठ वर्षं मिळाली असती. त्याने वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर घेतले, आणि फक्त दोन वर्षं. तो करार २०२७-२८ च्या हंगामानंतर संपतो.